ब्याऐंशीची सरळ रेघ

माझी बायको कारखान्यात बोर्डावर बसते. बोर्ड म्हणजे पूर्वी खरोखरच बोर्ड होता, भिंतभर काटे आणि दिवे असलेला. तो काढून टाकला त्याला बारा वर्षं झाली. आता तिथे सहा स्क्रीन आहेत आणि एक चाकांची खुर्ची आहे, पण बोर्ड हे नाव चिकटलं ते चिकटलंच. वायरलेसवर तिला कुणी नावानं हाक मारत नाही. "बोर्ड, पंप चालू करा." "बोर्ड, वाफ किती?" मीसुद्धा बोर्डच म्हणतो. मी इन्स्ट्रुमेंटवाला. टाक्यांना, पायपांना टेंपरेचर आणि दाब सांगणारे जे सेन्सर लावलेले असतात, ते ठीकठाक ठेवायचं काम माझं. ती मला वायरलेसवर "इन्स्ट्रुमेंट" म्हणते. लग्नाला तेवीस वर्षं झालेले नवराबायको दिवसभर एकमेकांना अशा हाका मारतात याची लोकांना भारी गंमत वाटते. मला त्यात गमतीसारखं काही दिसत नाही.

ती आधी पॅकिंगमध्ये होती, पिंपांवर लेबलं चिकटवायची. कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्या तीन ऑपरेटरांनी सरळ हात वर केले. आयुष्यभर व्हॉल्व्ह हातानं फिरवलेली माणसं ती, म्हणाली, हे पोराटोरांचे खेळ आमच्याच्यानं होणार नाहीत. मग पॅकिंगमध्ये विचारणा झाली, कुणाला शिकायचंय का. हिनं हात वर केला. कारण काय, तर पिंपं सरकवून सरकवून कंबर धरली होती, आणि तिथे बसायला खुर्ची मिळणार होती. असं तिनंच मला सांगितलं. दुसरी असती तर प्रगती, जिद्द वगैरे काहीतरी बोलली असती. हिला ते जमत नाही. माझ्या बहिणीनं नवे पडदे लावले आणि विचारलं, "कसे दिसतात गं वहिनी?" तर ही म्हणाली, "खोली अंधारी झाली." बहीण सहा महिने आमच्याकडे फिरकली नाही.

घरी कॉम्प्युटर नव्हता. तिनं पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, ओट्याला टेकून ठेवला आणि एका हातानं स्वयंपाक, दुसऱ्या हातानं टायपिंग असा कार्यक्रम सुरू केला. मी हसायचो. "जेवण छापून येणार का आज?" असं विचारायचो. दीड वर्षात बाई बोर्डावर एकटी शिफ्ट सांभाळायला लागली आणि माझं हसणं आपोआप कमी झालं.

तिची म्हणून एक सवय आहे. कारखान्यातल्या प्रत्येक आकड्याची स्क्रीनवर एक रेघ उमटत असते. बाकीचे ऑपरेटर आकडा बघतात, ही रेघ बघत बसते. कुठल्या पंपाची रेघ बेअरिंग जायच्या आधी थरथरते, कुठल्या टाकीची रेघ दुपारी उन्हानं जरा वर सरकते, सगळं तिला पाठ. म्हणून पाठीमागे तिला रेघवाली म्हणतात. दिवसातून चारदा वायरलेसवर बोलावणं: "इन्स्ट्रुमेंट, तीन नंबरची रेघ बरी दिसत नाही." आकडा बरोबर असायचा, पण हिला रेघ बरी दिसायची नाही. मग शिडी घ्या, वर चढा, झाकण उघडा. डोकं फिरायचं माझं. दहापैकी आठ वेळा काहीतरी निघायचं हे खरं, पण उरलेल्या दोन वेळांची आठवण मी तिला वर्षभर देत असे.

आमच्याकडे प्लायवूड चिकटवायचा डिंक बनतो. मोठ्या टाकीत दोन रसायनं घालायची, वाफेनं तापवायची. एका ठरावीक गरमीनंतर माल आपोआप तापायला लागतो. तेव्हा वाफ बंद करून गार पाणी फिरवावं लागतं. उशीर झाला तर माल हाताबाहेर जातो, टाकीसकट. हे सगळं कॉम्प्युटर करतो, आणि तो सेन्सरच्या भरवशावर करतो. सेन्सर म्हणाला ऐंशी, की त्याच्या लेखी ऐंशी. टाकी उकळत का असेना.

तर त्या आठवड्यात आमचा अबोला होता. कारण मीच. तिचा भाऊ आला होता. तो कौतुकानं म्हणाला, "ताईचं काम फार जोखमीचं आहे हो." मी म्हणालो, "कसली जोखीम! थंडगार खोलीत खुर्चीवर बसायचं असतं. मरतो तो आम्ही, वर टाकीवर." ती हातातला ग्लास खाली ठेवून आत गेली. त्यानंतर तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. कारखान्यात वायरलेसवर कामापुरतं. मीही हट्टाला पेटलो होतो, आधी मी का बोलू?

तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, टाकी तापत असताना टेंपरेचरचा आकडा मध्येच नाचायला लागला. वायर ढिली असणार. टाकीला दोन सेन्सर असायला हवेत, पण दुसरा बंद पडून महिना झाला होता आणि नवा काही स्टोअरमध्ये आला नव्हता. आता ढिल्या वायरीला हात लावला की आकडा एकदम शून्यावर जाणार आणि कॉम्प्युटर घाबरून सगळा कारखाना बंद करणार. म्हणून आम्ही एक करतो. काम होईपर्यंत कॉम्प्युटरमध्ये तो आकडा आहे तिथे गोठवून ठेवतो. त्याला म्हणतात फोर्स लावणं. काम झालं की फोर्स काढायचा. लावणाऱ्यानं कागद भरायचा, बोर्डाला तोंडी सांगायचं आणि काढल्यावर परत सांगायचं, असा नियम आहे. फोर्स आपल्या स्वतःच्या लॉगिनवरून लावायचा, हाही नियम आहे. पण लॉगिन बदलायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळा पडतो, म्हणून सगळे बोर्डवाल्याच्या लॉगिनवरूनच उरकतात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मी बोर्डरूममध्ये गेलो तेव्हा ती मागच्या खिडकीशी लॅबवाल्याकडून रिपोर्ट घेत होती. खुर्ची रिकामी. मी बसलो, आकडा गोठवला, ब्याऐंशी, आणि उठलो. तेवढ्यात ती वळली. तिनं मला खुर्चीतून उठताना बघितलं. एरवी मी म्हणालो असतो, "फोर्स लावलाय गं, दहा मिनिटांत सांगतो." एरवी तिनं विचारलं असतं, "काय केलंत?" मी बोललो नाही. तिनं विचारलं नाही.

वर टाकीच्या माचीवर दोन रंगारी कठडा रंगवत होते. मी वायर घट्ट केली. दोन मिनिटांचं काम. मग बाजूच्या दाबाच्या सेन्सरचं झाकण गंजलेलं दिसलं, ते घासत बसलो. घासताघासता मनात तिला आणि तिच्या भावाला, दोघांनाही चार शब्द सुनावत होतो. फोर्स डोक्यातून पार गेला.

पंधरा मिनिटांनी वायरलेस खरखरला.

"इन्स्ट्रुमेंट, टाकीचं टेंपरेचर बघून सांगा."

"बोर्ड, तुमच्यासमोर सहा स्क्रीन आहेत. त्यात दिसत नाही?"

"दिसतंय. ब्याऐंशी. टाकीवरचा काटा बघून सांगा."

टाकीला पलीकडच्या अंगाला एक साधा काट्याचा थर्मामीटर आहे. रंग उडू नये म्हणून रंगाऱ्यांनी त्याला कागद गुंडाळून टेप मारली होती. मी म्हणालो, "कागद लावलाय त्याला. दोन मिनिटं थांबा, हातातलं काम संपवतो."

"दोन मिनिटं नाहीत. सगळे खाली उतरा."

"काय झालं ते तरी कळेल?"

"वाफेचा व्हॉल्व्ह पंचावन्न टक्के उघडलाय आणि टेंपरेचर पंधरा मिनिटं हललं नाही. रेघ सरळ आहे. खाली उतरा."

आता तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं शांत असतं तर इथेच लख्ख प्रकाश पडला असता. माझं कुठलं शांत! मला वाटलं, तीन दिवसांचा राग बाई आता कामावर काढतेय. मी ओरडलो, "रेघ सरळ आहे म्हणून काय काम टाकून पळत सुटू? पुरे झाली तुझी रेघ!" वायरलेसवर, सगळा कारखाना ऐकत असताना, "तुझी".

तिनं भोंगा वाजवला. रंगारी ब्रश टाकून जिन्याकडे धावले. तेवढ्यात माझ्या पायाखाली धाडकन आवाज झाला, आणि तो आवाज मी ओळखला. टाकीत एकदम गार पाणी सोडणारा मोठा व्हॉल्व्ह. तो उघडला की अख्खा माल फुकट. बारा टन माल हिनं एका रेघेपायी मातीत घातला! मी पाना आपटला आणि खाली निघालो, धावतच. भीतीनं नाही हं. तिच्याशी भांडायला.

अंगण निम्मं ओलांडलं असेन, तेव्हा मागे फुटलं. टाकीच्या डोक्यावर पातळ पत्र्याची एक चकती असते, दाब फार वाढला की टाकी फुटण्याऐवजी ती फाटावी म्हणून. ती फाटली. पांढरी वाफ वर गेली आणि तिच्यामागून उकळता डिंक आला. माचीवर पडला, कठड्यावर पडला, मी ज्या डब्यावर बसून झाकण घासत होतो त्या डब्यावर पडला. रंगारी गेटाच्या भिंतीला चिकटून उभे होते, एकजण लहान मुलासारखा रडत होता. पाणी वेळेवर आत गेलं होतं म्हणून चकतीवर भागलं, नाहीतर टाकीच उडाली असती. आणि तिथे, भर अंगणात, मला आठवलं. मी फोर्स काढलेला नाही.

बोर्डरूममध्ये ती उभी होती. हात माऊसवर, नजर स्क्रीनवर.

"सगळे उतरले?"

"उतरले."

"रंगारी?"

"तेपण."

मग ती खुर्चीत बसली. पाणी नीट आत जातंय हे बघून तिनं टाकीचं आतलं पान उघडलं. आकड्याशेजारी मोहरीएवढा पिवळा चौकोन होता. फोर्स लावल्याची खूण ती. खाली वेळ, एक वाजून अकरा मिनिटं. त्याखाली लॉगिन, तिचं. तिनं ते वाचलं. तिनं वाचलेलं मी बघितलं. तेवढ्यात मोठे साहेब धापा टाकत आत आले आणि त्यांनीही वाचलं.

"हा फोर्स कुणी लावला?" साहेब म्हणाले.

ती म्हणाली, "साहेब, आधी टाकी गार होऊ दे. बाकीचं उद्या बोलू." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी दाराशी उभा होतो. बोलायला हवं होतं. बोललो नाही.

संध्याकाळी घरी तिनं अबोला मोडला. माझा शर्ट हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "कुठे भाजलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही." जेवताना परत विचारलं, "काही सांगायचंय का?" मला ठाऊक होतं ती काय विचारतेय. ताटाकडे बघत म्हणालो, "कशाबद्दल?" ती उठली आणि पाण्याचा तांब्या भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशी. नऊला तिला आत बोलावलं, साडेनऊला ती बाहेर आली. बोर्डावर जायचं नाही असा हुकूम होता, म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिली. आमच्याकडे हे एक पक्कं आहे. कागद न भरता फोर्स लावणारा माणूस त्या कामावरून कायमचा उतरतो. ती बोर्डावरून उतरली तर परत पॅकिंग. पिंपं, लेबलं, कंबर.

मी वर्कशॉपमध्ये एक सेन्सर उघडायचा आणि तोच बंद करायचा असा उद्योग करत होतो. स्टोअरवाला येऊन स्टूल ओढून बसला. माझा जुना दोस्त. दुसरा सेन्सर वेळेवर आणला नाही म्हणून त्याचंही धाबं दणाणलं होतं. त्याला मी सकाळीच सगळं सांगून बसलो होतो, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

तो म्हणाला, "तू गप्प बस. रेकॉर्डला तुझं नाव नाही. तिनं तीन माणसं वाचवलीत, तिला फार तर समज देतील. तू गेलास तर कायमचा घरी बसशील. घरात एक तरी पगार पक्का नको का?"

"आणि तिनं सांगितलं तर?"

"बायको आहे तुझी. सांगेल होय?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. ती सांगणार नाही. तिच्या तोंडून खोटं निघत नाही, पण गप्प बसायला काय खोटं बोलावं लागतं? आणि हे वाटून मला बरं वाटत होतं. याची आज मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या फोर्सची वाटत नाही. चूक हातून होते. हे मी बसून, विचार करून, दिवसभर करत होतो.

बारा वाजले. जेवायच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनसमोरून गेलो. ती बाकावरच, डबा मांडीवर न उघडलेला. मी पुढे गेलो. दोन वाजता काहीतरी निमित्त काढून परत गेलो. केबिनच्या दारापर्यंत पोचलो, आतून हसण्याचा आवाज आला आणि मागे फिरलो. वाटलं, आत पाहुणे असतील. पाहुणे! स्वतःलाच किती थापा माराव्यात माणसानं? तीन वाजता पहिली शिफ्ट सुटली. दोघा रंगाऱ्यांपैकी कालचा रडणारा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात जोडले आणि गेला. ती त्याच्याकडे बघून मान हलवत राहिली. ते मी जिन्यावरून पाहिलं आणि कठड्याला धरून उभा राहिलो. त्या माणसाला मी मारलाच होता जवळजवळ. हिनं वाचवला, आणि बाकावर ही बसलीय.

तरीही लगेच गेलो नाही. वर्कशॉपमध्ये परतलो, हत्यारं जागच्या जागी लावली, कपाटाला कुलूप घातलं, हात दोनदा धुतले. स्टोअरवाला दारातून म्हणाला, "अरे, वेडा झालास का?" मी त्याला ढकललं आणि निघालो.

पाचला वीस मिनिटं कमी होती. तिच्यासमोरून केबिनमध्ये गेलो. दार न वाजवता.

"साहेब, फोर्स मी लावला होता. तिच्या लॉगिनवरून. तिला सांगितलं नाही, कागद भरला नाही, काढायला विसरलो. तिचा काही दोष नाही."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना आश्चर्य वाटायला हवं होतं; तसं काही दिसलं नाही. खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. अक्षर तिचं. वर वेळ, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं.

"फोर्स माझ्या नवऱ्यानं लावला. मी खुर्ची सोडताना लॉगआउट केलं नव्हतं. त्याला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि काय केलं हे विचारलं नाही, कारण आमचं भांडण होतं. चूक दोघांची आहे."

मी दोनदा वाचलं. आधी सणकन डोक्यात गेली. तेवीस वर्षांची बायको, आणि पहिल्या दहा मिनिटांत नवऱ्याचं नाव? मग ती सणक जिरली आणि काही उरलं नाही. उभ्या जागी मला माझीच शिसारी आली.

"तुमचं प्लांटमध्ये जाण्याचं परमिट आजपासून रद्द," साहेब म्हणाले. "वर्कशॉपच्या टेबलावर काम करायचं. त्यांना पंधरा दिवस घरी, मग परत बोर्डावर. तुम्हाला मी सकाळीच बोलावणार होतो. त्या म्हणाल्या, पाच वाजेपर्यंत थांबा. ते स्वतःहून येतील."

बाहेर आलो. ती उठली होती, पिशवी खांद्याला लावत होती. दिवसभर बसून कंबर आखडलेली, एक हात भिंतीला.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "तू त्यांना पाचपर्यंत थांबायला सांगितलंस."

"हो." तिनं पिशवीचा बंद नीट केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण मला वाटलं होतं, तुम्ही सकाळीच जाल."